मगज कुठे असतो

काचवाल्याच्याच दाराला काच नाही. हसा हवं तर, मी आता हसायचं सोडून दिलंय. वरच्या खोलीच्या दाराला कडीच्या जरा वर एक वीतभर चौकोन आहे, त्यात कधीकाळी काच होती. ती फुटली आणि मग उद्या बसवू, परवा बसवू करत राहूनच गेली. खाली दुकानात भिंतीला टेकून तावदानंच तावदानं आणि वर हे भगदाड. त्या भगदाडातून आक्का मला चहा द्यायची. दाराला बाहेरून कडी. मी आतून हात बाहेर काढायचा, कप धरायचा, हात आत घ्यायचा.

"पोचला का?" ती बाहेरून विचारायची.

आता कप तिच्या हातून सुटलाय, माझ्या हातात आलाय, मध्ये एक फळी आहे. पोचला का म्हणून काय विचारतेस? मी उत्तरच द्यायचो नाही. तिची ती जुनी खोड आहे. शाळेत डबा पाठवला तरी संध्याकाळी पहिला प्रश्न तोच.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी रांगत होतो आणि आमचा थोरला भाऊ नुकता शाळेत जायला लागला होता. बापाला दुकानातून फुरसत नव्हती. तेव्हापासून आक्का या घरात आहे ती आहेच. लग्न केलं नाही, कुठे गेली नाही. हाडाची काडं करून तिने आम्हा दोघांना वाढवलं. हे वाक्य माझं नाही, तिचंच आहे, आणि ती ते नेमकं जेवायला वाढताना म्हणते, म्हणून घास घशात अडकतो.

मी म्हणजे हाडाचा काचवाला. कापणं, खरचटणं हे आमच्या धंद्यात शिंकेसारखं आहे. काच लागली की अंगठ्याने दाबायचं, दोन शिव्या द्यायच्या, पुढचं तावदान घ्यायचं. पण त्या दिवशी एका आरशाची कड बोटाला लागली आणि रक्त थांबेचना. दाबलं, फडकं गुंडाळलं, गिऱ्हाइकाशी बोलून झालं, चहा पिऊन झाला, तरी फडकं ओलं. मी कुणाला बोललो नाही. पण आमची ही लाँड्रीत कामाला आहे. डाग कशाचा आहे ते ती लांबून सांगते. तिने माझ्या उशीचा अभ्रा उजेडात धरला आणि म्हणाली, "हे हिरड्यांतलं रक्त आहे. आ करा." मग पँट वर करायला लावली. नडग्यांवर लाल ठिपकेच ठिपके, कुणी टाचणीने टोचून ठेवल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल. मी, ही, आणि आक्का. आक्काला नको म्हटलं होतं, पण तिला नको म्हणणारा अजून जन्माला यायचाय.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या पण बोलायला सरळ. रक्ताचा रिपोर्ट पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. कुठे भोक पडलं की तिथे जाऊन चिकटायचं, भोक बुजवायचं, हे त्यांचं काम. ते दीड लाखाच्या वर हवेत. तुमचे वीस हजारसुद्धा नाहीत."

"लोक मला आयुष्यभर वाट्टेल ते बोलले, अंगाला भोकं पडली नाहीत," मी म्हणालो. "आता पडायला लागली म्हणायची."

ही मला कोपराने ढोसणार होती, पण तिने हात आवरला. निळं पडलं असतं.

"गेले कुठे पण ते कण?" मी विचारलं.

"तेच शोधायचंय. ते हाडांच्या आत तयार होतात. आता एक तर आत तयारच होत नाहीयेत, नाहीतर..."

"नाहीतर माल बनतोय आणि वाटेत फुटतोय," मी म्हणालो. काचेचा धंदा आहे, दुसरं काय सुचणार.

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "अगदी असंच. वाटेत फुटत असेल तर औषधं आहेत, चांगली आहेत. पण ती सुरू करायच्या आधी मला आत बघायला हवं."

"आणि बनतच नसेल तर?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मग आपण वेगळं बोलू."

बास. एवढंच. तेव्हापासून ते टोपण माझ्या डोक्यात टक टक वाजत राहिलं. वाटेत फुटतोय तर जगलो, बनतच नाही तर वेगळं बोलू. वेगळं म्हणजे काय ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

खरी गडबड केली तिथल्या हेल्परने. चांगला माणूस, धीर द्यायला आला. म्हणाला, "काका, काही घाबरायचं नाही. जरासा मगज काढून बघायचा. अर्ध्या तासात घरी."

आक्का ताडकन उठली. "काय काढायचा?"

"मगज हो, मावशी. एवढासा."

"माझ्या भावाचा मगज काढणार? अरे, ह्याच्याकडे आधीच तुटवडा आहे. असेल नसेल तेवढा तरी राहू दे त्याला." आणि माझ्या दंडाला धरून चालू लागली. जिथे धरलं तिथे दुसऱ्या दिवशी तिची चारही बोटं उमटली होती, जांभळी.

रस्ताभर ही तिला समजावत होती. आक्का, डोक्यातला नाही हो. हाडाच्या नळीत असतो तो मगज. कमरेच्या हाडाला सुई लावतात. आक्का म्हणाली, "मी शाळा शिकले नाही म्हणून मला वेडी समजू नका. मगज डोक्यात असतो. लहान पोराला विचार." एकाच शब्दाला दोन घरं असली की भांडण व्हायचंच. त्यावर किती मगजमारी केली तरी ती हलली नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला काही गोष्टी बंद केल्या होत्या. ब्लेडने दाढी बंद. ब्रशने दात घासणं बंद. काचेला हात लावायचा नाही, डोक्याला मार लागू द्यायचा नाही. आक्काने त्यात स्वतःची भर घातली. टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या गोधडीचे तुकडे बांधले. पलंगाच्या पायांना बांधले. खिडकीच्या गजांनासुद्धा बांधले, का ते तिलाच ठाऊक. माझी हिरकणी, म्हणजे काच कापायचं माझं हत्यार, बापाच्या हातची, ती उचलून नेली. मी म्हटलं, ती मला चावणार आहे का? म्हणाली, तू गप्प पड.

आणि मी एकदा मेहुण्याला शिव्या द्यायला जिना उतरताना सापडलो, त्या दिवसापासून कडी.

मेहुणा म्हणजे हिचा भाऊ. मी वर पडून असताना दुकान तोच बघत होता. गुणी आहे, पण हात जड. वर खोलीत पडल्या पडल्या मला खालचा एकेक आवाज ऐकू यायचा. हिरकणी काचेवर नीट चालली की बारीक, एकसारखा, सरळ आवाज येतो. त्याची चालायची ती खरखर करत, मध्येच अडत. मग टक व्हायचं आणि त्यापाठोपाठ शांतता. त्या शांततेवरून मला कळायचं की काच भलतीकडेच गेली. मी जमिनीला तोंड लावून ओरडायचो, "हिरकणी घासायची नसते रे, चालवायची असते." खालून उत्तर यायचं, "दाजी, तुम्ही आराम करा."

आराम. ज्याला आराम करायची शिक्षा झाली नाही त्याने आराम हा शब्द उच्चारू नये. खोलीत मी, पलंग, गोधडीत गुंडाळलेलं टेबल आणि ते भगदाड. जिन्याच्या वरच्या पायरीवर आक्का. तिने स्टूल टाकलं होतं तिथे. भाजी तिथेच निवडायची, कपडे तिथेच घड्या करायची. मी खोकलो की, "काय झालं?" मी खोकलो नाही की, "झोपलास का?"

दिवसभर काम एकच, स्वतःला तपासणं. नडगीवरचे ठिपके. ओठ उलटा करून हिरड्या. मग कमरेचं हाड चाचपायचं. इथे आत बनतात म्हणे. दाबून बघायचो. हाताचं हाड कानाला लावून ऐकलंसुद्धा. कारखाना चालू असेल तर काहीतरी आवाज यायला नको? काही नाही. आमच्या दुकानात सुट्टीच्या दिवशी असते तशी सामसूम. त्या सामसुमीची मला इतकी भीती वाटायची की मी परत मेहुण्यावर ओरडायला लागायचो.

संध्याकाळी ही कामावरून आली की कडी निघायची आणि भांडण सुरू व्हायचं. एकदा हिने सांगितलं, "हॉस्पिटलातून फोन होता. परवा सकाळी या म्हणाल्या. आणखी थांबणं बरं नाही म्हणाल्या."

"कशाला?" आक्का म्हणाली. "काय आहे ते कळून करायचंय काय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सव्वा लाख असते तर मी इथे कशाला पडलो असतो," मी म्हणालो. "दीड लाखाला थोडेच कमी. डॉक्टरीणबाईंनी पेढे वाटले असते."

ही हसली नाही. आक्काही हसली नाही. आक्का खाली गेल्यावर ही चादरीची घडी घालत म्हणाली, "तुम्हाला जायचंय का पण?"

"आक्का ऐकत नाही ना."

हिने दाराकडे पाहिलं. त्या चौकोनाकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे. घडी मोडली आणि परत घातली. मग म्हणाली, "परवा मी रजा टाकलीय. सकाळी जाऊन तिथे बाकावर बसणार आहे. आलात तर आलात. मी ओढून नेणार नाही. एकजण ओढतंय तेवढं पुरे."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे मी गोधडी पांघरून.

त्या सकाळी ही निघून गेली. कडी लागली. स्टूल सरकल्याचा आवाज आला. मला शिंक आली आणि नाकातून रक्त सुरू झालं. ओरडलो नाही. पलंगावर पुढे वाकून बसलो, नाक चिमटीत धरलं आणि बसून राहिलो. चिमूट सोडली की थेंब. परत धरायची. परत थेंब. हिने ठेवलेला टॉवेल भरत चालला. समोर भिंत होती. भिंतीकडे बघत बघत मला वाटायला लागलं, मला काय आहे हे मी विचारलं नाही म्हणून ते थांबणार थोडंच आहे. ते कधीतरी असंच येऊन सांगणार, टॉवेलावर, उशीवर. तेव्हा मी एकटा असणार. रडू आलं मला, खोटं कशाला बोलू. नाक धरलेल्या माणसाला नीट रडतासुद्धा येत नाही.

रक्त थांबलं, उशिरा थांबलं. तोंड धुतलं, शर्ट बदलला, दारापाशी आलो. चौकोनातून हात बाहेर काढला, मनगट खाली वळवलं आणि कडी वर केली. कोपरसुद्धा बाहेर काढावा लागला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दार उघडलं. आक्का स्टुलावर बसली होती, मांडीवर ताट, ताटात मटार. ती दचकली नाही. शेंग सोलून दाणे ताटात टाकले आणि म्हणाली, "हात पोचत होता तुझा."

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो."

"मग?"

मी उंबऱ्यावर बसलो. "तू कडी लावायचीस ते मला बरं वाटत होतं, आक्का. मी जात नाही असं म्हणायला नको. आक्का जाऊ देत नाही म्हणता येत होतं."

तिने ताट बाजूला ठेवलं. बोटांवरचं हिरवं पुसत बसली. मग म्हणाली, "मगज कुठे असतो ते मला ठाऊक आहे रे. तुझ्या बायकोला सांग, आक्का एवढी येडी नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिलो.

"थोरल्याचा काढला होता."

आमचा थोरला तापाने गेला. मला हेच ठाऊक होतं. मी तेव्हा शाळेत होतो. घरी आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"ताप कुठला," आक्का म्हणाली. "हेच ठिपके. हेच नाक. गडी केवढा होता तो, पेट्या उचलायचा, एका खांद्यावर एक. त्याच्या कमरेत सुई घातली आणि डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, बाई, आत काही नाही. नळीत नुसती चरबी. बाप दुकानात होता. मी एकटीच होते तिथे. आत गेले तर थोरला म्हणाला, आक्का, खरं सांग. मी कधी खोटं बोलले नव्हते त्याच्याशी. सांगितलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं. बाहेरचं रक्त चढवत होते, गोळ्या होत्या, पण हा घास घेईना. मी भात कालवून हातात घेऊन बसायची, तो भिंतीकडे. महिना नाही काढला. आजार राहिला बाजूला. माझ्या सांगण्याने गेला तो. मग तुझं तेच काढायला निघाले. म्हटलं, मला वेडी म्हणा, अडाणी म्हणा. परत ते तोंडातून काढायची पाळी नको."

इतकी वर्षं ही बाई मला वाढताना हाडांच्या गोष्टी सांगत होती आणि मी घास अडकला म्हणून चिडत होतो.

"थोरल्याला तू एकटीने सांगितलंस," मी म्हणालो. "माझ्या वेळी ही आहे, तू आहेस, त्या बाई आहेत. आणि मी भिंतीकडे तोंड केलं तर मागून लाथ घाल."

"लाथ घातली तर निळा पडशील," ती म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. "चल. मी पुढे होते. पडलास तर माझ्यावर पड."

असे आम्ही उतरलो, ती एक पायरी खाली, मी एक पायरी वर. दुकानातून जाताना मेहुणा हातात मोठं तावदान धरून उभा होता. आम्हाला बघून त्याने श्वाससुद्धा रोखला. दोन्ही बाजूंनी काचांच्या कडा, मधून मी, अंग चोरून. ज्या कडांवर आयुष्यभर बोटं फिरवली त्यांच्यापासून मी पाहुण्यासारखा लांबून गेलो. दारातून वळून मेहुण्याला म्हटलं, "हात हलका ठेव." तो म्हणाला, "हो दाजी."

ही बाकावर बसली होती. आम्हा दोघांना बघून उठली आणि माझ्या शर्टाचं चुकीचं लागलेलं बटण काढून नीट लावलं.

सुईचं फार सांगत नाही. कुशीवर झोपवतात, जागा बधिर करतात, दाब कळतो. मग एक क्षण येतो तेव्हा हाडाच्या आतून कुणीतरी ओढतं. तेवढा एक क्षण मी आईला हाक मारली, जिचा चेहरा मला आठवत नाही. मान वळवून बघितलं तर डॉक्टरीणबाई तो लाल थेंब एका पातळ काचेवर ठेवून दुसऱ्या काचेच्या कडेने पसरत होत्या, आम्ही चौकटीत लांबी, म्हणजे पुट्टी, पसरतो तसा, एका हाताने, न थांबता. म्हटलं, ह्यांचा हात हलका आहे. माझं जे काय आहे ते त्या काचेवर आहे.

"पूर्ण रिपोर्ट उद्या," त्या म्हणाल्या. "पण थांबा, एक नजर टाकून सांगते."

सुईच्या जागी घट्ट दाब बांधून मला बाकावर आणलं. एका बाजूला ही, एका बाजूला आक्का. हेल्पर दोनदा येऊन पाणी विचारून गेला. आक्का त्याला म्हणाली, "तुझा मगज काढून बघ जरा, आहे का." बिचारा पळाला.

मग बाई दारात आल्या. आक्का माझ्या आधी उठली. "मला सांगा आधी," ती म्हणाली. आणि लगेच, "नको. सगळ्यांना एकदम सांगा."

आत टेबलावर दुर्बिणीसारखं ते यंत्र होतं. बाई म्हणाल्या, "सांगतेच, पण आधी बघा." मी डोळा लावला. गुलाबी पसाऱ्यात एक भली मोठी जांभळी पेशी होती. बाकीच्या तिच्यापुढे मुरमाचे खडे.

"ही प्लेटलेटची आई," बाई म्हणाल्या. "ही इतकी मोठी होते की हाडातून बाहेर पडायची सोय राहत नाही. आत भिंतीला चिकटून बसते. भिंतीपलीकडे रक्त वाहत असतं. भिंतीत बारीक फटी असतात, त्यांतून ही आपले हात बाहेर काढते. लांबच लांब हात. रक्ताच्या धारेने ते तुटतात आणि त्यांचे तुकडे वाहत जातात. तेच तुकडे म्हणजे प्लेटलेट. एकेका आईचे हजारो. असं देत देत ती सगळी संपते. शेवटी आतला नुसता गाभा उरतो."

"बाहेर कधीच पडत नाही?" हिने विचारलं.

"एखादी निसटते. फुफ्फुसात जाऊन अडकते. मग तिथेही तेच काम करते."

"म्हणजे सुटून काय उपयोग," मी म्हणालो. "बाई, माझ्यात किती आहेत ते सांगा."

"भरपूर. नेहमीपेक्षा जास्त. जिथे बघते तिथे आहेत. तुमचा माल बनतोय, काका. वाटेत फुटतोय. तुमच्याच शरीरातले राखणदार त्यांना परके समजून मारतायत, बहुतेक पाणथरीत, म्हणजे प्लीहेत."

हिने माझा खांदा धरला आणि लगेच सोडला, मग हलकेच परत धरला. मी खुर्चीत बसलो.

"म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं," मी म्हणालो.

"हो. त्यावर गोळ्या आहेत. आजच सुरू करू. प्रत्येकाला एकसारखा गुण येत नाही, पण बहुतेकांना येतो. महिनाभर तरी सांभाळून, घरातच."

आक्काने मला उठवलं, खुर्चीत बसली आणि त्या भिंगाला डोळा लावला. आधी चुकीचा डोळा मिटला, मग बाईंनी दुसरा मिटायला लावला. ती खूप वेळ बघत राहिली. तिथूनच म्हणाली, "थोरल्यात ह्या नव्हत्याच तर."

मी बाईंना थोडक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "नसतील. आणि बाहेरून चढवलेले कण आठवडाभरसुद्धा टिकत नाहीत. तेव्हा दुसरे इलाज फारसे नव्हते. तुम्ही सांगितलंत म्हणून ते गेले नाहीत."

"तुम्ही त्याचं तोंड बघितलं नाहीत," आक्का म्हणाली. पण भांडायच्या आवाजात नाही म्हणाली. डोळा तिने काढला नव्हता. मग विचारलं, "हिला कळतं का हो? हे जे बाहेर पाठवते, ते वाचले की वाटेत मेले?"

बाई म्हणाल्या, "नाही. तसं एकेकाचं नाही कळत. बाहेर कमी पडले की यकृताकडून आलेला निरोप वाढतो, आणखी पाठवा म्हणून. तेवढाच. मग ती आणखी करते."

"तेवढाच," आक्का म्हणाली. आणि उठली.

घरी आलो. जिना चढताना ती मागे होती, पडलास तर माझ्यावर पड, तेच. मेहुण्याने दुपारीच त्या चौकोनाच्या मापाचं तावदान कापून ठेवलं होतं आणि कड बघून सांगतो, हात हलका पडला होता. मी म्हटलं, "छान कापलंस. पण राहू दे. एवढ्यात नको बसवू."

गोळ्या सुरू झाल्या. गोधड्या टेबलाला तशाच आहेत. कडी मात्र तिने त्या दिवसापासून लावली नाही. दार सताड उघडं असतं आणि मी उंबऱ्याच्या आत, आपल्या मर्जीने. त्याच संध्याकाळी पहिला चहा घेऊन आक्का आली. दार उघडं होतं, सरळ आत येऊन देता आला असता. पण हाताला सवय, तिने दार ओढून घेतलं, बाहेर उभी राहिली आणि त्या चौकोनातून हात आत घातला. हाताची कातडी सैल, हाडं वर आलेली. मी उठून कप घेतला.

हात तिथेच राहिला, रिकामा.

"पोचला का?" ती पलीकडून म्हणाली.

"पोचला, आक्का," मी म्हणालो. "सगळं पोचलं."